सीपी असलेल्या मुलीला पाण्यात उतरवायचंय : टँक, हायड्रोथेरपी, अनुभव आणि सल्ले हवेत

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. आजवर इथे पाककृती आणि भटकंतीचे धागे नुसते वाचत आले. स्वतः धागा काढायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

लेक सात वर्षांची आहे. बरीच आधी जन्मली, पुढे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे सीपीचं निदान झालं (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होतो). स्पॅस्टिक डायप्लेजिया, म्हणजे हातांपेक्षा पाय जास्त ताठर. घरात वॉकर घेऊन चालते, लांब जायचं तर व्हीलचेअर. डॉक्टरांच्या भाषेत जीएमएफसीएस (सीपीच्या मुलांची हालचाल किती जमते ते सांगणारी मोजपट्टी) लेव्हल तीन. शाळेत जाते, अभ्यासात चांगली आहे, आणि बोलायला लागली की समोरच्याला दम घेऊ देत नाही.

अडचण अशी की मॅटवरच्या व्यायामाचा तिला पुरता वीट आलाय. स्ट्रेचिंग म्हटलं की भोकाड. गेटर (गुडघे सरळ ठेवणारे पट्टे) बांधून उभं राहायची वेळ झाली की नेमकं पोट दुखतं. हाडांचे डॉक्टर मागच्या भेटीत म्हणाले, "पाण्यात न्या हिला." कुठे, कसं, किती वेळ, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

आम्ही जिल्ह्याच्या गावी राहतो. गरम पाण्याचा थेरपी पूल इथे नाही, टँक आहे. तिथे विचारलं तर "असल्या मुलांची बॅच नसते, जबाबदारी कोण घेणार?" सासूबाई म्हणतात वज्रेश्वरीला नेऊन कुंडात बसवा. नणंदेने गळ्यात घालायची हवेची रिंग ऑनलाइन मागवून पाठवलीय. नवऱ्याला स्वतःला पोहता येतं, मला येत नाही.

तर, पाण्याने नेमकं होतं काय? साध्या टँकवर चालेल का? कुणी केलंय का?

रानजाई

वाचतेय. भाच्यासाठी हवंय.

बालफिजिओ

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. पाण्यातही काम करते, म्हणून जरा लांब लिहिते. तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं तुमच्या फिजिओशी बोलून मगच.

पहिली गोष्ट वजनाची. पाणी कमरेपर्यंत असेल तर पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत असेल तर एक तृतीयांशाच्या आसपास, आणि मानेपर्यंत असेल तर जेमतेम एक दशांश. जमिनीवर वॉकरशिवाय एक पाऊल न टाकणारं मूल छातीभर पाण्यात नुसत्या दोन बोटांच्या आधाराने चालताना दिसतं, ते यामुळे. आईबाप रडायला लागतात ते इथेच. पण थांबा. पाणी फार खोल असेल तर टाच टेकतच नाही. चवड्यांवर चालणाऱ्या मुलांना तीच सवय आणखी घट्ट होते. म्हणून खोली मुलाच्या उंचीप्रमाणे बघायची, आपल्या सोयीप्रमाणे नाही.

दुसरी गोष्ट, पाण्यात पडायला वेळ लागतो. जमिनीवर तोल गेला की सावरायच्या आत मूल आपटलेलं असतं. पाण्यात तोल हळूहळू जातो, तेवढ्यात मेंदूला कळतं, हात पुढे येतो, कंबर वळते. तोल सांभाळायचा सराव करायला तेवढी सवड जमिनीवर कुठून आणणार?

तिसरी, रोध. पाण्यात हात हळू हलवला तर फारसं काही जाणवत नाही, जोरात हलवला की पाणी तितक्याच जोराने अडवतं. वेग दुप्पट केला तर रोध जवळजवळ चौपट होतो. म्हणजे वजनं न बांधता ताकदीचा व्यायाम, आणि जोर किती लावायचा ते मुलाच्या हातात.

चौथी गोष्ट तापमान, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत हीच सगळ्यात महत्त्वाची. थेरपीच्या पूलमध्ये पाणी ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवतात. स्पर्धांच्या टँकमध्ये ते २५ ते २८ असतं. पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. ताठर स्नायूंचं मूल गार पाण्यात गेलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, जे सैल करायला गेलो तेच आवळतं. कोमट पाण्यात हेच स्नायू ढिले पडतात आणि पाण्यातून बाहेर आल्यावरही काही वेळ तसेच राहतात. त्या वेळात स्ट्रेचिंग उरकून घ्या, भोकाड बरंच कमी होईल.

आता गळ्यातली रिंग. ती कृपा करून परत पाठवा. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न व औषध प्रशासन) जून २०२२मध्ये या रिंगांबद्दल जाहीर इशारा दिला आहे, विशेषतः सीपी, स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष), एसएमए (स्नायू कमजोर करणारा आनुवंशिक आजार), डाउन सिंड्रोम अशा बाळांना 'वॉटर थेरपी' म्हणून त्या वापरण्याविरुद्ध. एक बाळ दगावलं होतं. तुमची लेक बाळ नाही, पण मानेवर लटकवून ठेवायचा प्रकार कुठल्याच वयात नको.

निळी_छत्री

बालफिजिओ ताई, खूप आभार. रिंग आजच माळ्यावर टाकली, नणंदेला काय सांगायचं ते नंतर बघू. आमचा टँक उघड्यावर आहे, पाणी तापवायची सोय नाही. मग विषयच संपला का?

बालफिजिओ

नाही संपला. आपल्याकडे उन्हाचा फायदा घ्यायचा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन-साडेतीननंतर उघड्या टँकच्या उथळ बाजूचं पाणी बऱ्यापैकी कोमट असतं. बाळाच्या अंघोळीसाठी मिळतो तो तरंगता थर्मामीटर घ्या आणि मोजा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. तिशीच्या वर असेल तर सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ. अंगात पूर्ण बाह्यांचा स्विमसूट किंवा पातळ वेटसूट घाला. ओठ निळे पडले, दात वाजले, पाय आधीपेक्षा ताठ वाटले की लगेच बाहेर काढून कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळायचं. डिसेंबरात त्या टँककडे फिरकू नका.

थेम्सकाठी

मी लंडनच्या उत्तरेला राहते. मुलाला हेमिप्लेजिया आहे, म्हणजे शरीराची एकच बाजू ताठर, त्याची उजवी. तो दर आठवड्याला हॅलिविक पद्धतीने पोहायला जातो, त्याबद्दल सांगते. गंमत म्हणजे ही पद्धत इथूनच निघाली. साउथगेट भागात अपंग मुलींची हॅलिविक नावाची शाळा होती. तिथे जेम्स मॅकमिलन नावाच्या इंजिनिअरने १९४९मध्ये मुलींना पोहायला शिकवायला सुरुवात केली. डॉक्टर नव्हे, इंजिनिअर. द्रव पदार्थांचं शास्त्र त्याच्या अभ्यासाचा विषय, म्हणून त्याने आधी पोहण्याचे स्ट्रोक (हात-पाय मारायच्या पद्धती) शिकवायचे सोडून 'हे शरीर पाण्यात कुठल्या बाजूला वळतंय आणि का' एवढंच बघितलं.

ज्याची एक बाजू ताठर आहे किंवा एक पाय आखडलेला आहे, त्याचं शरीर पाण्यात सरळ राहतच नाही. माझा मुलगा उताणा झोपला की उजवीकडे कलंडायचा. साध्या कोचला वाटतं मूल घाबरून हात-पाय मारतंय. खरं तर त्याचा आकारच असा आहे की पाणी त्याला फिरवतं. हॅलिविकमध्ये त्या फिरण्यावर ताबा मिळवणं हाच अभ्यासक्रम. दहा टप्पे आहेत, स्ट्रोक येतो तो अगदी शेवटी.

सुरुवात फुंकण्याने होते. पाणी तोंडाजवळ आलं की फुंकायचं, श्वास ओढायचा नाही. पिंगपाँगचा चेंडू फुंकत पलीकडे न्यायचा, पाण्यात बुडबुडे काढत गाणं म्हणायचं. किती दिवस आम्ही फक्त फुंकतच होतो! नवरा वैतागून म्हणाला होता, पैसे पोहण्याचे घेतात की पिपाणीचे. पण ते अंगवळणी पडलं म्हणून नाकातोंडात पाणी जाणं थांबलं, आणि मग भीती गेली.

त्यानंतर डोकं. उताणं असताना डोकं मागे टाकलं की पाय वर येतात, हनुवटी छातीशी आणली की पाय खाली जाऊन उभं राहता येतं. मग आडवं वळणं, पालथं पडलं तर स्वतःच कुशीवरून उताणं होऊन तोंड वर आणायचं. हे ज्या दिवशी आलं त्या दिवसापासून मी काठावर बसून चहा प्यायला लागले.

दोन नियम आमच्या गटात कडक आहेत. प्रत्येक मुलामागे पाण्यात एक माणूस. आणि दंडाला फुगे, कमरेला ट्यूब काहीही नाही. फुगे बांधले की शरीर पाण्यात कसं वागतं ते मुलाला कळतच नाही, फुगे काढले की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आधार माणसाने द्यायचा, तोही कमरेच्या पातळीला, तळहात उघडा ठेवून, घट्ट न पकडता. शिवाय त्या माणसाने स्वतः खांद्यापर्यंत पाण्यात वाकायचं, म्हणजे मुलाच्या डोळ्यांसमोर डोळे येतात.

घारापुरी

धागा चांगला आहे, पण एक शंका विचारतो, राग मानू नये. याला पुरावा किती आहे? की हल्ली स्पेशल मुलांच्या पालकांना जे सतरा प्रकार विकतात (स्टेम सेल, ऑक्सिजनच्या टाक्या वगैरे) त्यातलाच हा अठरावा?

बालफिजिओ

राग कसला, हे विचारलंच पाहिजे. अभ्यास बरेच झालेत, पण बहुतेक लहान लहान गटांवर, आणि प्रत्येकाने पाण्यात वेगळं काहीतरी केलेलं. चालणं, उठणं-बसणं यांत सुधारणा दिसते, मुलं जमिनीपेक्षा पाण्यातल्या सत्राला जास्त खुशीने जातात हेही दिसतं. पण 'जमिनीवरचे व्यायाम बंद करा, पाणी पुरे' असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. सीपी म्हणजे मेंदूला झालेली इजा, ती पाण्याने भरून येत नाही. कुणी 'सहा महिन्यांत चालायला लावतो' म्हणून पॅकेज विकत असेल तर तिथून निघून या.

पाण्याची आणि त्या बाकीच्या प्रकारांची बरोबरी मात्र मला पटत नाही. तिथे मूल पडून राहतं आणि त्याच्यावर काहीतरी केलं जातं, इथे ते स्वतः हालचाल करतं. दम लागतो, फुप्फुसं वापरली जातात, भूक लागते, झोप लागते. व्हीलचेअरवरच्या मुलांना घाम येईल असा व्यायाम मिळतो कुठे, सांगा.

माणदेशी_गडी

दोन दिवस वाचतोय, आता लिहितोच. मला लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय मांडीपासून बारीक. आमच्या वेळेला कसली थेरपी आणि कसलं काय. चुलत्याने पाठीला रिकामा डबा बांधला आणि विहिरीत सोडलं. डबा रोज थोडा थोडा वर सरकवायचा, शेवटी काढूनच टाकला. पायरीवरनं उतरताना भावाचा खांदा लागायचा, पण एकदा पाण्यात पडलो की भाऊ मागं आणि मी पुढं. गावात मला लंगड्या म्हणायचे, विहिरीत कोण म्हणत नव्हतं.

वरच्या ताई म्हणतात फुगे नकोत, आमचा डबा तरी काय, फुगाच होता. पण तो कमी कमी करत न्यायचा असतो हे चुलत्याला माहीत होतं. असो.

मला एवढंच सांगायचंय की 'थेरपी, थेरपी' करून पोराला पाण्यातबी पेशंट करू नका. पोहायला शिकवा. आपल्याच सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा. लष्करात बॉक्सर होते, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं ते सोडा. दुसरा आमच्या करमाळ्याकडचा सुयश जाधव. लहानपणी विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात गेले. २०१८ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण त्यानं घेतलं, २०२०चा अर्जुन पुरस्कारही मिळाला. हातांशिवाय बटरफ्लाय! हे पोरीला दाखवा.

निळी_छत्री

दादा, तुमचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिचा पहिला प्रश्न, "विहिरीत साप होते का?"

माणदेशी_गडी

होते की. विरोळे. ते बिचारे आम्हालाच भ्यायचे.

थेम्सकाठी

माणदेशी दादांशी सहमत. आमच्या गटातही मुलांना पेशंट म्हणत नाहीत, पोहणारा म्हणतात. पण सगळी मुलं पेटकर होणार नाहीत, आणि तसं त्यांच्यावर लादायलाही नको. माझा मुलगा पूलची लांबी पूर्ण करायला अजूनही थांबत थांबत जातो आणि त्याला त्यात काही कमी वाटत नाही.

बालफिजिओ

दोन्ही खरं आहे. माझा आग्रह इतकाच की पोहणं शिकवताना शरीर ओळखून शिकवा. उदाहरण देते. सीपीच्या मुलांमध्ये, विशेषतः न चालणाऱ्यांमध्ये, खुब्याचा सांधा हळूहळू सरकण्याचा धोका असतो. अशा मुलाला कोच उत्साहाने बेडूक किक शिकवायला गेला, पाय धरून फाकवायला लागला, तर नुकसान होऊ शकतं. खुब्याचा अलीकडचा एक्स-रे हाडांच्या डॉक्टरांना दाखवून विचारा की कुठल्या हालचाली चालतील. उलट, नूडलवर (पाण्यात तरंगणारी फोमची लांब नळी) घोड्यासारखं बसून पाय दोन्ही बाजूंना सोडणं हे आवळलेल्या मांड्यांसाठी छान, आणि मुलांना तो खेळ वाटतो.

कळंबा_तलाव

आमचा मुलगा अकरा वर्षांचा, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार. हा आजार वेगळा आहे म्हणून मुद्दाम लिहितो, कारण असे धागे वाचून लोक सगळ्यांना एकच माप लावतात. सीपीच्या मुलाला 'अजून एक फेरी' म्हणून प्रोत्साहन देता येईल. आमच्याकडे तसं नाही. इथे स्नायू थकवला की तुटतो आणि परत भरून येत नाही. वजनं, हाताला पॅडल, जोर लावून ढकलणं बंद. सावकाश पोहणं, तरंगणं, सांधे आखडू नयेत म्हणून हालचाल. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या किंवा लघवी लालसर-काळपट झाली तर व्यायाम जास्त झाला असं समजून डॉक्टरांना गाठायचं.

दुसरं म्हणजे श्वास. मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पाणी छातीवर दाबतं. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. ज्याचे श्वासाचे स्नायू कमजोर आहेत त्याला दम लागतो. आम्ही पाणी छातीच्या खालीच ठेवतो आणि फुप्फुसांची तपासणी नियमित करतो.

बाकी सांगायचं तर चालणं थांबलं तेव्हा पोरगं महिनाभर कुणाशी नीट बोललं नव्हतं. पाण्यात मात्र अजूनही उभं राहतं. किती वर्षं राहील माहीत आहे आम्हाला. म्हणून चुकवत नाही.

रानजाई

🙏

अबोली_७९

मी पणजीची. मुलगी स्पायना बिफिडाची, कमरेखाली संवेदना कमी. आमच्या अनुभवातल्या गोष्टी, कुणी सांगत नाही म्हणून. एक, टँकच्या खरबरीत तळाला पाय घासून सोलवटतात आणि मुलीला कळतही नाही. पाण्यातले मोजे घालाच, आणि बाहेर आल्यावर तळवे, टाचा, गुडघे नजरेने तपासा. दोन, या मुलांना लॅटेक्सची अॅलर्जी पुष्कळदा असते. टोपी, गॉगलचा पट्टा, फुगे, सगळं सिलिकॉनचं बघून घ्या. तीन, शी-शूचं वेळापत्रक. आधी पोट साफ, कॅथेटर करून (नळीने लघवी काढून) मगच पाण्यात, वरून घट्ट स्विम डायपर. या कारणाने लाजून घरी बसू नका. जुलाब झाले असतील तर मात्र पुढचे दोन आठवडे टँक बंद, काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत.

समुद्रात फक्त सप्टेंबरनंतर आणि जीवरक्षक असेल तिथेच नेतो. पण समुद्र मजेसाठी. शिकवायला टँकच बरा, लाट काही सांगून येत नाही.

घारापुरी

वज्रेश्वरीचं काय ठरलं? माझी आजीही असाच सल्ला द्यायची, सांधेदुखीपासून अपचनापर्यंत एकच उत्तर, कुंड.

बालफिजिओ

सासूबाईंना नमस्कार सांगा, कोमट पाण्याचा त्यांचा मुद्दा बरोबरच आहे. पण कुंडाचं पाणी किती गरम ते आपल्या हातात नाही, अनेक कुंडांत ते मोठ्यांनाही सोसत नाही. ज्या मुलांना पायांत संवेदना कमी असते त्यांना भाजलेलं कळणार नाही. गरम पाण्यात रक्तदाब उतरतो, चक्कर येते. शेवाळलेल्या पायऱ्या आणि गर्दी वेगळीच. दर्शनाला जा, हातपाय धुऊन या. व्यायाम तिथे नको.

घरी मोठा फुगवायचा टब असेल तर कोमट पाण्यात बसून फुंकणं, पाय हलवणं, तोंडावर पाणी घेणं, एवढी पूर्वतयारी होऊ शकते. एक क्षणही एकटं सोडायचं नाही, फोन वाजला तरी.

पुणेरी_अर्जदार

टँकवाल्यांच्या 'असल्या मुलांची बॅच नसते' या वाक्यावर कुणीच काही लिहिलं नाही याचं नवल वाटलं. म्हणून हा प्रतिसाद.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ३०. दिव्यांगांना क्रीडाप्रकारांत सहभागी होता यावं यासाठी शासनाने उपाय करायचे आहेत आणि त्यात क्रीडा सुविधांच्या रचनेत बदल करणंही आलं. टँक पालिकेचा किंवा जिल्हा क्रीडा संकुलाचा असेल तर तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात. तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) प्रत, फिजिओचं पत्र, वैद्यकीय दाखला जोडा. नकार असेल तर तोही लेखी मागा. लेखी नकार द्यायला सहसा कुणी धजत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव. तरीही अडलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

अर्जात 'सोय करा' असं मोघम लिहू नका. नेमकं मागा : आठवड्यातून दोन दिवस दुपारची कमी गर्दीची वेळ, उथळ भागात एक पट्टा, पाण्यात उतरायला एका पालकाला परवानगी, कपडे बदलायला तळमजल्यावरची खोली. उभ्या शिडीऐवजी कठडा असलेल्या पायऱ्या हव्या असतील तर तो खर्च स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पाच टक्के दिव्यांग निधीतून करता येईल का, हे नगरसेवकाला विचारा. हा निधी बऱ्याच ठिकाणी मार्चमध्ये घाईघाईने कशावर तरी उडवला जातो.

अवांतर : सीपी असेल तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना बघा. एक लाखापर्यंत संरक्षण आहे, त्यात थेरपीच्या खर्चासाठीही ठरावीक मर्यादा असते. काढली नसेल तर काढून ठेवा.

घारापुरी

+१. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

थेम्सकाठी

सगळ्यात कामाचा की नाही ते पाण्यात उतरल्याशिवाय कसं ठरवणार 😄 पण सहमत. इथेही पूलवर हॉइस्ट (उचलून पाण्यात उतरवायचं यंत्र) असतो आणि दर दुसऱ्या वेळी तो बंद असतो. तक्रार लिहावीच लागते.

निळी_छत्री

मधे बरेच दिवस लिहायला जमलं नाही. अर्ज दिला. पुणेरी_अर्जदार, तुमचा मसुदा जवळजवळ जसाच्या तसा उतरवला. आधी टोलवाटोलवी झाली, मग व्यवस्थापकांनी बोलावलं. मंगळवार-शुक्रवार दुपारी चारची वेळ मिळाली आहे, जीवरक्षक हजर असेल, पाण्यात तिच्यासोबत बाबा. हमीपत्र मात्र भरून घेतलं.

नवऱ्याची पहिली तक्रार म्हणजे पाठ. शिडीवरून तिला उचलून उतरवणं भयंकर अवघड आहे, ओल्या अंगाने तर निसटतेच. शिवाय एक राहिलंच, तिला लहानपणी फिट्स आल्या होत्या. आता गोळ्या चालू आहेत, बऱ्याच काळात आलेली नाही. हे आधी लिहायला हवं होतं का?

बालफिजिओ

आधी उतरण्याचं. शिडी विसरा. काठावर जाड मॅट टाका, तिला काठावर बसवा, पाय पाण्यात. बाबांनी आधी पाण्यात उतरून तिच्या समोर उभं राहायचं. तिने हात बाबांच्या खांद्यांवर टाकून पुढे झुकायचं, बाबांनी तिला कुशीत घेऊन खाली सरकायचं. वजन पाणी घेतं. बाहेर येताना उलटं, पण वर दुसरं माणूस हवं. तुम्ही. काठावर प्लॅस्टिकची खुर्ची आणि टॉवेल तयार ठेवा. एएफओ (घोट्याला-पावलाला आधार देणारे साचे) पाण्यात घालायचे नाहीत, पण ते काढल्यावर ओल्या फरशीवर तिला चालवूही नका.

फिट्स. न्यूरोलॉजिस्टना विचारून लेखी परवानगी घ्या. फिट्स आटोक्यात असतील तर पाणी वर्ज्य नाही, पण औषध नुकतंच बदललं असेल, झोप कमी झाली असेल, ताप असेल, त्या दिवशी सुट्टी. पाण्यात एक माणूस फक्त तिच्यासाठी, हे तुमचं आहेच. जीवरक्षकाला आधीच सांगून ठेवा, लपवू नका. पाण्यात फिट आलीच तर तोंड वर, डोकं पाण्याबाहेर आधारून धरायचं, काठापासून लांब ठेवायचं, झटके थांबले की बाहेर काढायचं. आणि ती बरी दिसत असली तरी डॉक्टरांकडे न्यायचं, कारण पाणी छातीत गेलेलं असू शकतं.

बाबांसाठी पहिल्या काही खेपांचा गृहपाठ : फक्त फुंकणं, उभ्याने इकडून तिकडे चालणं, बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून उताणं तरंगणं. अचानक पाणी उडवायचं नाही, दचकली की अंग ताठ होईल. किक शिकवायचा मोह आवरा.

माणदेशी_गडी

आणि बाबांना म्हणावं, मधेच एखादी डुबकी स्वतः मारून दाखवा. पोरं बापाचं बघून शिकत्यात. मुटका नको, जीवरक्षक हाकलून देईल.

निळी_छत्री

दादा, मुटका कसा मारतात हे आता ती विचारतेय. तुम्हीच निस्तरा.

एक शेवटचं. पातळ वेटसूट लहान मुलांच्या मापात कुठे मिळतो? इथल्या दुकानात फक्त मोठ्यांचे आहेत, ऑनलाइन माप कळत नाही. आखडलेल्या पायांत तो चढवायचा कसा, हाही प्रश्नच आहे.

थेम्सकाठी

पुढून पूर्ण चेन असलेला घ्या, पाठीमागे चेन असलेला अजिबात नको. तिला झोपवून, गुडघे वाकवून, आधी जास्त ताठर असलेला पाय घालायचा. पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या की सूट सरसर वर जातो. आमच्याकडे मुलाचा सहा-सात वर्षांच्या मापाचा एक पडून आहे, चांगल्या स्थितीत. बहीण पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय, तिच्यासोबत पाठवते. उंची आणि छातीचं माप व्यनि करा.